अकरा

अंबडला, पॉवर हाऊसच्या मागच्या गल्लीत
व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे.
तिथे बारा कॉम्प्युटर.
यादीत अकरा.

शेटे फोनवर म्हणाले, डिस्पॅचचा पीसी गेला.
गेला म्हणजे?
म्हणजे आहे, चालू आहे, बाई काम करतायत त्यावर,
पण आमच्याकडे दिसत नाही.

सॅकमध्ये पक्कड, टेस्टर,
जुन्या चुन्याच्या डबीत प्लॅस्टिकच्या पिना.
गरवारे पॉइंटला सिग्नल लागला तेव्हा
शेजारच्या रिक्षातला रेडिओ
निफाडचा पारा सांगत होता.
मी हात जॅकेटच्या बाह्यांत ओढून घेतले.

आधी वायर. नेहमी आधी वायर.
उंदीर, झाडू आणि खुर्चीचं चाक
या तिघांनी आजवर माझं घर चालवलंय.
पण वायर धडधाकट,
स्विचवर हिरवा दिवा लुकलुकतोय.

मग शेटेंच्या टेबलावरून आकडा घालून हाक मारली.
चार वेळा. ओ नाही.
राउटरला विचारलं. तो म्हणाला, आहे की,
एकवीस नंबर, सकाळी नऊ चाळीसपासून.
म्हणजे चपला दारात
आणि हाकेला ओ नाही.

डिस्पॅच म्हणजे गेटलगतची पत्र्याची खोली.
खैरनारबाई चलनावर शिक्के मारत होत्या.
बसा, एवढी गाडी सोडते.
खिडकीत एक ड्रायव्हर, त्याच्या मागे दुसरा,
पाण्याच्या जारपाशी तिसरा
फोनवर मेव्हण्याशी भांडत होता.
तीन आठवडे बाई पेन ड्राइव्ह मुठीत धरून
यार्ड ओलांडून अकाउंट्सला जात होत्या,
दिवसातून सहा वेळा.
कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सेटिंग उघडलं आणि सापडलं:
सार्वजनिक.
हे कुणी केलं?
मीच, बाई म्हणाल्या.
नवा राउटर बसवला त्या दिवशी त्यानं विचारलं ना,
जागा खासगी आहे का सार्वजनिक?
मी खिडकीकडे पाहिलं.
(शिक्का आपटला.)
खोटं कशाला सांगू?

मी हसले नाही. हसले, पण नंतर, स्कूटरवर.
यंत्रानं बाईंचं तंतोतंत ऐकलं होतं.
परक्या माणसांत बसलोय,
तर नाव सांगायचं नाही, दार उघडायचं नाही,
कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही.
जुन्या सीबीएसवर आई मला हेच बजावायची
सटाण्याची एसटी लागेपर्यंत.

खासगी केलं. शेअरिंग चालू.
यार्डातून ओरडले, आता बघा!
काही नाही.
एका फोर्कलिफ्टनं मागे येताना
पीं पीं केलं, बराच वेळ.
मग पलीकडून शेटे:
अहो, धोंडगे आले!

धोंडगे चार वर्षांपूर्वी चाकणला गेले.
मशीन बाईंकडे आलं, नाव बदलायचं राहिलं.
बदलू का? मी विचारलं.
पंधरा अक्षरं, मधे जागा सोडायची नाही.
बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं,
मग हात झटकला.
राहू द्या. ड्रायव्हर अजून
धोंडगेसाहेब म्हणूनच फोन करतात.
मी हो म्हणते.

निघताना वॉचमननं वही पुढे केली.
नाव, कुठून, कुणाकडे, आत, बाहेर.
सहज मागची पानं उलटली.
सतरा ऑगस्टला सव्वाअकराला मी आत आलेय.
बाहेरचा रकाना कोरा.
ताई, तेवढं भरून टाका, तो म्हणाला,
साहेब ओरडतात.
त्या दिवशी किती वाजता निघाले होते
काही केल्या आठवेना.
पाच दहा लिहिलं.
दोन्हीकडे.